आजोबांची 1978ची पद्मिनी कोठ्यात सडून राहिली; उभी करावी की कबाड्याला द्यावी?

दारव्ह्याचा_कास्तकार

नमस्कार मंडळी. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. धंदा शेती : कापूस, तूर, सोयाबीन. म्हणजे खिशाचं काय ते समजून घ्या.

घरी प्रीमियर पद्मिनी आहे, 1978ची. गावात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळ्यांसाठी ती फियाट. आजोबांनी एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे सरकारच कापूस विकत घ्यायचं त्या काळात कापसाचे चुकारे साठवून घेतली. तेव्हा पैसे असून भागत नव्हतं, नंबर लावून वाट पाहावी लागायची. पाहुणा शकुंतला रेल्वेनं दारव्हा स्टेशनवर उतरला की फियाट आणायला जायची आणि अर्धं गाव बघायला उभं राहायचं, असं बाबा सांगतात. 2007च्या सुमारास क्लच गेला. बाबांनी तोवर दुसरी गाडी घेतली होती, म्हणून हिला ढकलत कोठ्यात नेली. तेव्हापासून तिथंच.

कोठा कसा ते सांगतो, कारण मला वाटते खरी भानगड तिथंच आहे. वर टिन, तीन बाजूंनी विटांच्या भिंती, खाली नुसती काळी माती. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला कुटार, मधात फियाट. खरिपाच्या तोंडावर युरिया, डीएपी, पोटॅशच्या थैल्या आणल्या की जमिनीवर ओल लागते म्हणून त्या सरळ डिक्कीत आणि मागच्या सीटवर. काही वर्षं तर ती गाडी नव्हतीच, आमचं खताचं गोदाम होतं.

आत्ताची परिस्थिती : चारही टायर मातीत रुतलेले. बदामी रंग टपाला बरा आहे, खाली पोपडे. डाव्या बाजूची तिकोनी काच फुटली. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलला तर खालची जमीन दिसली. डिक्कीत स्टेपनीच्या खळग्यात हात घातला तर पत्रा पापडासारखा हातात आला. इंजिन जाम आहे, हँडल लावून पाहिलं, हलत नाही. स्टिअरिंगचा गिअर मात्र अजून खटाखट पडते. आरसी आहे, आजोबांच्या नावावर, तीन अक्षरांचा जुना नंबर. मुदत 2008ला संपली. आजोबा वारले.

कबाडी 18 हजार द्यायला तयार आहे, उद्याच उचलतो म्हणते. यवतमाळ रोडवरचे एक लॉनवाले 40 हजार देतो म्हणतात. त्यांना लग्नाच्या लॉनमध्ये चौथऱ्यावर ठेवायची आहे, नवरा-नवरीच्या फोटोसाठी. पुण्यातला भाऊ म्हणतो विकून मोकळा हो. बाबा काहीच बोलत नाहीत, पण कबाडी आला होता त्या दिवशी जेवले नाहीत. आजीचं म्हणणं एकच, काय करायचं ते करा पण पोळ्याच्या आत कोठ्यातली जागा मोकळी करा.

एक पेंटर म्हणाला की 70 हजारांत नव्यासारखी करून देतो. मला ते काही पटून नाही राहिलं. मी इंजिनाचं थोडंफार समजतो, ट्रॅक्टर घरीच उघडतो. पत्र्याचं मात्र काहीच कळत नाही. ही गाडी उभी करण्याच्या लायकीची आहे की नाही, हे ठरवायचं कसं? भावनेचा सल्ला नको, तो घरी भरपूर मिळून राहिला.

मोर्णाकाठचा

भावनेचा नको म्हणता म्हणून सरळ सांगतो. द्या लॉनवाल्याला आणि 40 हजारांचं ठिबक टाका.

हिशोब करा ना. ही गाडी पूर्ण वजनाने नऊशे किलोच्या आत. कबाडी किलोचा भाव कसाही लावू दे, 18 हजार काही वाईट नाहीत आणि 40 तर चांगलेच. उलट बाजूला तुम्ही दोन-अडीच लाख घालाल, वर्षभर मिस्त्र्याच्या मागे फिराल, आणि हाती येईल एक गाडी जिला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात जिच्यात बसवत नाही. विकायला काढली तर घातलेले पैसे निघत नाहीत. हौस असेल तर करा, पण मग हौस म्हणा, हिशोब म्हणू नका.

सालबर्डी_जीपवाला

मोर्णाकाठच्या भाऊंशी अर्धा सहमत. तुमच्याकडे जुनी महिंद्राची जीप असती तर मी डोळे झाकून उभी करा म्हटलं असतं. जीपला खाली वेगळी चेसिस असते, वरची बॉडी नटबोल्टवर. बॉडी सडली तर हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवीन बॉडी मागवायची, बसवायची, झालं. मी तेच केलं. पद्मिनीत ती सोय नाही. बॉडी हीच चेसिस. तिचा पत्रा गेला म्हणजे गाडीच गेली.

बैताड_ड्रायव्हर

भाऊ, पत्र्याचं मंग पाय, पयले उंदराचं पाय. कुटाराच्या बाजूले गाडी उभी म्हंता, मंग डॅशबोर्डच्या मांगं वायरिंग राह्यली आसन का? आमच्या मामाजीच्या अँबेसिडरची अख्खी वायरिंग उंदरायनं खाल्ली होती, आन् सीटच्या आतमंदी घर केलं होतं. आन् उंदीर हाये तिथं साप येतेच. सीट काढाच्या आंधी लांब काडीनं ठोकून पाय. मी मजाक नाई करून राह्यलो.

लॉनवाल्याले देऊ नको बाप्पा. नवरी त्या गाडीले टेकून फोटो काढन, आन् शालू गंजानं लाल होईन.

हिंगणा_वर्कशॉप_निवृत्त

वरचे सगळे वाचले. मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी विभागाला होतो. चेसिस कंपनीची यायची, सांगाडा आणि पत्रा आम्ही चढवायचो. तेव्हापासूनची सवय, कोणतीही गाडी बघायला गेलो की बॉनेट नंतर, आधी खाली वाकायचं.

तुम्ही लिहिलेल्यापैकी इंजिन जाम, टायर, काच, रंग, क्लच, यातल्या एकाही गोष्टीवर निर्णय करू नका. 1089 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. इतकी वर्षं उभं राहिलं तर रिंगा सिलिंडरला धरतातच. प्लग काढा, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धंअर्धं करून कपभर ओता आणि विसरून जा. आठ-पंधरा दिवस अधूनमधून थोडं थोडं ओतत राहा. ट्रॅक्टर घरी उघडणाऱ्याला हे सांगायला नको, पण हँडलवर पाय देऊन उभे राहू नका. सुटलं तर सुटलं, नाही सुटलं तर बोअर करून होतं. नळीची-पिस्टनची कामं नागपुरात काय, यवतमाळातही होतात. सुट्या भागांचंही फार अडत नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत हीच गाडी कितीतरी दशकं पळाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात मुदत संपून बाद झाली, पण कुर्ल्याच्या आणि दिल्लीच्या कश्मिरी गेटच्या बाजारात माल अजून फिरतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं पैसे टाकून आणता येतं.

पत्रा तसा आणता येत नाही. जीपवाले भाऊ बरोबर बोलले, फक्त शेवटचं वाक्य सोडून. पत्रा गेला म्हणजे गाडी गेली असं नाही. कुठला गेला ते पाहायचं. टप, दारं, मडगार्ड, बॉनेट, डिक्कीचं झाकण हे कपडे आहेत. हाडं वेगळी. पद्मिनीची हाडं म्हणजे दोन्ही बाजूंना दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी बंद पेटी, तिला आम्ही सिल म्हणतो. त्या दोन पेट्यांना जोडणारा फ्लोअर. आणि मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, जिथं टांगलेत ते हँगर. समोरच्या सस्पेन्शनच्या जागाही त्यातच, पण तिथं इंजिनाचं तेल गळून गळून गंज कमी धरतो. गळक्या गाडीचा तेवढा एक फायदा.

आता तुमच्या कोठ्याचं. काळी माती पावसाळाभर पाणी धरून ठेवते आणि दिवाळीपर्यंत खालून वाफ सोडत राहते. म्हणजे गाडीवर पाऊस पडला नाही तरी पोटाला ओल लागलेलीच. बैलांचं मूत हे दुसरं. पण तुम्ही लिहिलेलं सगळ्यांत वाईट म्हणजे खत. युरिया हवेतली ओल ओढतो आणि त्याचा अमोनिया होतो. पोटॅश म्हणून जे आपण टाकतो ते पोटॅशियम क्लोराइड. समुद्रकाठच्या गाडीला मिठातलं जे क्लोराइड खातं, तेच तुम्ही थैलीने डिक्कीत भरून ठेवलं. तेव्हा स्टेपनीचा खळगा हातात आला यात नवल नाही. प्रश्न असा की तिथून ते खत किती पुढं सरकलं. डिक्कीच्या फ्लोअरखालीच मागच्या पाट्यांचे हँगर आहेत.

पाहायचं असं. गाडी बाहेर काढा, मुरुमावर किंवा फरशीवर, सपाट जागी. टायर बदलावे लागले तर कुणाचे तरी जुने लावा. काढल्यावर आधी धुवा. नुसतं पाणी, भरपूर, प्रेशरने, डिक्कीत, सीटखाली, खालून पोटाला. खताचे क्षार आत राहिले तर तुम्ही बघेपर्यंतही ते खातच राहतात. मग दोन दिवस कडक उन्हात दारं उघडी टाकून वाळवा. आतले मॅट आणि त्याखालचा नमदा काढून फेकाच. तो नमदा पाणी पिऊन बसतो आणि फ्लोअर वरून सडतो. समोरच्या काचेचं रबर वाळून फाटलं की पाणी काचेखालून उतरतं ते थेट त्या नमद्यात. तुमच्या ड्रायव्हरच्या पायाखालचं भोक तसंच पडलं असणार, त्याची मला फार चिंता नाही.

त्यानंतर दारं. चारही दारं लावून फटी बघा. दार आणि खांबामधली फट वरखाली सारखी आहे का? मोबाइलवर फोटो काढा. आता जॅक घ्या आणि एका बाजूला, मागच्या चाकाच्या जरा पुढं, सिलच्या खाली लाकडाची जाड फळी ठेवून हळू उचला. लाकूड न ठेवता जॅक लावाल तर सडका पत्रा फाडून तो वर येईल. उचलताना करकर आवाज आला, फळी आत गेली, तर तिथंच थांबा, तुम्हाला उत्तर मिळालं. गाडी उचलली गेली तर आता दार उघडून पुन्हा लावा. पहिल्यासारखं लागलं तर पेटीत दम आहे. दार अडकलं, खाली घासलं, फट वर मिटून खाली उघडली, म्हणजे गाडी मधातून वाकतेय. दोन्ही बाजूंनी असं झालं तर लॉनवाल्याला फोन करा. मी एवढं साफ एरवी बोलत नाही.

दारांनी पास केलं तर पेचकस. जुना, बोथट घ्या. सिलच्या खालच्या कडेने बोटभर अंतरावर टोचत जा, मुठीचा जोर द्या, हातोडीचा नको. चांगला पत्रा टणक आवाज देतो, मेलेला भसकन आत जातो. जिथं आत गेला तिथं खडूने खूण. मग हँगर. पाट्यांची टोकं जिथं बॉडीला धरलीत, त्याच्या भोवती वीतभर गोल, वरून डिक्कीतून आणि खालून, दोन्हीकडून टोचा. तिथं गंजाची खपली निघाली तर चालेल. तारेच्या ब्रशने खपली काढून खाली चकचकीत लोखंड दिसतं का पाहा. पेचकस आरपार गेला तर वाईट. आणि खिशात लोहचुंबक ठेवा. दाराचा खालचा भाग, चाकाच्या कमानी, पुढच्या मडगार्डची मागची खालची बाजू, इथं चुंबक चिकटत नसेल तर ती पेंटरने भरलेली लांबी (पुटी) आहे, पत्रा नाही. चांगल्या कापडात चुंबक गुंडाळा, उरलासुरला रंग खरचटत नाही.

त्या 70 हजारवाल्या पेंटरबद्दल. तो काय करणार ते मला इथं बसून दिसते. भोकांवर पत्र्याची ठिगळं ठेवून गॅसने टाके मारणार, वरून लांबी, सरफेसर, रंग. खालून अंडरकोटिंगचा काळा थर. गाडी खरंच नव्यासारखी दिसेल. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा बसवला की दोघांच्या मधात पाणी साठतं, आणि दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा मोठं भोक पडतं. सडकं कापून काढायचं, जिवंत लोखंडापर्यंत यायचं, आणि तिथून नवीन पत्रा जोडायचा. सिलला 18 गेज, फ्लोअरला 18 किंवा 20. सीओटू वेल्डिंगने, थांबून थांबून, छोटे टाके मारत. गॅसने एवढा पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाकून टाके मारून घ्यायचे, नाहीतर कापल्या कापल्या गाडी बसते आणि नंतर आयुष्यभर दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू. पेट्रोलची टाकी आधी काढून बाहेर, लांब. टाकीत पेट्रोल नाही म्हणून काही होत नाही, असं समजू नका. रिकामी टाकीच उडते, आतल्या वाफेने.

हे सगळं करणारा माणूस तुम्हाला डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात कमीच मिळेल. ट्रॉल्या, टँकर किंवा बसबॉडी करणाऱ्यांकडे पाहा. त्यांचा हात सरळ असतो आणि ते सडक्या लोखंडाला टाके मारत नाहीत, कारण त्यांचा माल वजनाने परत फाटून येतो.

माझा अंदाज असा. हँगर चांगले आणि सिल एकाच बाजूने गेलेली असेल, तर नुसत्या पत्र्याच्या कामाला 60 ते 80 हजार. इंजिन, क्लच, ब्रेक, टायर, वायरिंग मिळून तेवढेच किंवा जरा वर. रंगाचा खर्च यात नाही आणि रंग करूही नका. पहिले एक-दोन पावसाळे जुन्याच रंगात काढा, वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड मारून. कुठून फुगतं ते दिसत राहील. हँगर गेले असतील तर खर्च दुप्पट धरा, आणि मग मोर्णाकाठचे म्हणतात ते ठिबकच बरं.

शेवटचं एक मला विचारायचं आहे. ती चालवणार कोण? आठवड्यातून एकदा दहा-वीस किलोमीटर फिरली नाही तर तुम्ही दीड लाख घालून तीच गाडी पुन्हा कोठ्यात लावाल. आत्ताचं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे, ते जुन्या रबरी पाइपांना आणि पंपाच्या पडद्याला फुगवतं, आणि उभ्या गाडीत ओल ओढतं. पाइप नवीन टाकावेच लागतील. उभी ठेवण्यासाठी करायची असेल तर चौथरा काय वाईट?

वर्ध्याची_फाइल

काकांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. आरटीओच्या कामाशी रोजचा संबंध आहे म्हणून. पत्र्याला हात लावायच्या आधी हे करा, कारण कागद उभा राहिला नाही तर गाडी उभी करून अंगणातच फिरवाल.

तीन अक्षरांचा नंबर म्हणजे 1989च्या आधीचा. अशा बऱ्याच नोंदी अजून जुन्या रजिस्टरातच असतात, संगणकावर नसतात. आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहा. दिसला नाही तर ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तिथं बॅकलॉग एन्ट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी, अर्ज द्यावा लागेल. मूळ आरसी हातात आहे हे तुमचं नशीब, तिला लॅमिनेशन करू नका.

आजोबा वारलेत म्हणून वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. आत्या असतील तर त्यांचीही सही लागेल. गाडीचे भाव इंटरनेटवर पाहून कुणाला अचानक आठवणी यायच्या आधी सह्या घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म 25. ते दर खेपेला पाच वर्षांचं मिळतं. फी 1 एप्रिल 2022पासून मोटारीला 5,000 झाली होती, आणि 2025च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या मोटारीला 10,000. पर्यावरण कर वेगळा, राहिलेला रोड टॅक्स असेल तर तो व्याजासकट वेगळा. उशिराच्या अर्जाला महिन्याला 500 दंड आहे आणि तुमची मुदत 2008ला संपलेली, म्हणून एकूण आकडा कार्यालयातून लिहून घ्या, मगच मिस्त्र्याला ॲडव्हान्स द्या.

कुणी तुम्हाला ‘व्हिंटेज करून टाका’ म्हणेल. 2021च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेलीच गाडी त्यात बसते, म्हणजे तुमची 2028मध्ये. नंबरप्लेटवर व्हीए येतं, नवीन नोंदणीला 20,000 फी, दहा वर्षांची मुदत. पण ती गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. बाजारला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा.

आणखी एक. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. तो नंबर ठोकलेला आहे ती जागा गंजली असेल तर ग्राइंडर लावू देऊ नका. मऊ ब्रश आणि रॉकेल, बस. त्या जागी मिस्त्र्याचं चाक फिरलं की गाडी कागदावर मेली. आणि कबाड्याला द्यायची ठरली तरी नोंदणी रद्द करूनच द्या. आजोबांच्या नावाचा नंबर उद्या भलत्याच गाडीवर फिरताना दिसायला नको.

दारव्ह्याचा_कास्तकार

सगळ्यांचे आभार. गाडी बाहेर काढली. ट्रॅक्टरने ओढली तेव्हा अख्खी गल्ली जमा झाली होती. बैताडभाऊ, साप नव्हता, पण मागच्या सीटमधून उंदरांनी दोन टोपली कापूस जमवला होता आणि वायरिंगचं म्हणाल तर नुसतं तांबं शिल्लक आहे.

काकांनी सांगितलं तसं धुतली, वाळवली. डिक्कीतून पांढरं पाणी बराच वेळ येत होतं.

दारं : फळी ठेवून दोन्ही बाजूंनी उचलून पाहिली. उजव्या बाजूला फट केसभरही हलली नाही. डाव्या बाजूला मागचं दार जरा जड लागते, पण लागते. अडकत नाही. पेचकस : उजवी सिल टणक, फक्त पुढच्या टोकाला एक नाण्याएवढं भोक. डावी सिल मागच्या अर्ध्यात संपली आहे, खडू जितका फिरवला तितकं भसाभस. बैल त्याच बाजूला बांधतो आम्ही. ड्रायव्हरकडचा फ्लोअर गेला, बाकीचा ठीक. स्टेपनीचा खळगा तर आहेच नाही.

हँगर : उजवीकडचा ब्रशने घासला, चकचकीत. डावीकडच्याची खपली बोटभर जाड निघाली, पण पेचकस आत गेला नाही. वरून डिक्कीतून टोचलं तिथं मात्र हँगरपासून चार बोटं अंतरावर आरपार. चुंबक डाव्या मडगार्डच्या खाली चिकटला नाही. बाबा म्हणाले, तिथं एकदा बैलबंडीचं धुरकं लागलं होतं, आजोबांनी नेरच्या पेंटरकडून करून घेतलं होतं. एवढ्या दिवसांत गाडीबद्दल बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

चालवणार कोण, तर बाबा. रिटायर्ड मास्तर आहेत, दर बुधवारी बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या नावाने दारव्ह्याला जातातच. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीच काल टायरचा नंबर वहीत उतरवून घेतला.

आत्यांना फोन केले. दोघी सही देतो म्हणाल्या. धाकटीनं एक अट घातली, की पहिली चक्कर तिला.

मोर्णाकाठचे भाऊ, ठिबकाचं तुमचं बरोबर आहे, ते पुढच्या वर्षी.

काका, डाव्या हँगरचं काय समजू?

हिंगणा_वर्कशॉप_निवृत्त

बोटभर खपली आणि खाली लोखंड टणक, म्हणजे वाचला, पण काठावर. कंपनीने ती जागा दुहेरी पत्र्याची केलेली असते म्हणून टिकला. चार बोटांवरचं भोक सोडू नका. तिथून हँगरच्या दिशेने कापत यायचं आणि चांगला पत्रा लागला की थांबायचं. नवीन तुकडा हँगरच्या प्लेटवर नुसता टेकवायचा नाही, तिच्या कडेने पूर्ण टाका फिरला पाहिजे. वेल्डिंग होईल तेव्हा पाटा खोलून बाजूला ठेवा, त्याला ताप लागला तर त्याचा ताव उतरतो. त्या दिवशी मी येऊन पाहू शकतो. यवतमाळला मुलगी दिलेली आहे, येणं होतंच.

माझं मत, उभी करा. डावी सिल अर्धी, एक फ्लोअर, खळगा आणि हँगरचा भोवताल. हे काम मोठं आहे, पण हाडं अजून हाडं आहेत. उंदरांनी वायरिंग खाल्ली ते एका परीने बरंच, जुनी जोडून वापरायचा मोह राहणार नाही. पूर्ण हार्नेस नवीन टाका आणि मधात फ्यूज द्या.

क्रम सांगतो. प्लगमध्ये डिझेल आजच ओता, ते आपलं काम करत राहील. बाई म्हणतात तसा आरटीओचा आकडा आधी आणा. मग वेल्डिंग, मग ब्रेक, मग इंजिन. ब्रेकच्या आधी इंजिन चालू करायची घाई सगळ्यांना होते. चालू झालेली गाडी कुणीतरी हलवतोच, आणि ती थांबत नाही.

परत कोठ्यात नेऊ नका. आजीबाईंना जागा पाहिजे ना, द्या. चार पाइप आणि टिनाचं छप्पर टाकून खाली मुरूम ठोकलेला शेड करा, चारही बाजूंनी मोकळा. झाकायला ताडपत्री नको, ती खालून घाम धरते.

आणि लॉनवाल्याला आत्ताच नाही म्हणू नका. आरटीओचा आकडा हातात येईपर्यंत ‘घरी विचारतो’ म्हणा.